पाच-पाच जण फ्लॉप बघायला येतात तेव्हा काय करायचं? मल्टीवे हातांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या बेळगावातल्या शहापूर, टिळकवाडी, वडगावकडच्या पोरांचा पत्त्यांचा पाया रमीचा आणि तीनपत्तीचा. तिथनं पोकरवर आलेला माणूस पत्ता टाकायला काही केल्या तयार होत नाही, "बघू तरी काय येतंय" म्हणून प्रत्येक हातात घुसतो, आणि मग पुस्तकात वाचलेलं सगळं पोकर बाजूला राहतं कारण पुस्तकातले बहुतेक हात दोघांचे असतात आणि आपल्या टेबलावर चौघं-पाचजण फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) बघूलेत. पोरं तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवूलोय.

मल्टीवे म्हणजे किती जण?

फ्लॉपला तीन किंवा जास्त. दोघंच उरले की हेड्स-अप. बस्स.

आधी हे सांग, पैसे लावून ऑनलाइन खेळता येतंय का आता?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा संसदेत पास झाला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशाचे गेम चालवणाऱ्या ॲपवाल्यांनी पोकरची टेबलं बंद केली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वादच त्यात ठेवलेला नाही, पैसे लागले की बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण म्हणून कुठलीतरी परदेशी साइट शोधून पैसे भरायचे असं होत नाही, तिथं पैसे अडकले तर कुणाकडे जाणार?

आपल्याकडच्या लोकांना हा घोळ नवा नाही म्हणा. ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्नाटकानं पोलीस कायद्यात दुरुस्ती करून असंच सगळं बंद केलं होतं, मग १४ फेब्रुवारी २०२२ ला हायकोर्टानं ती कलमं रद्द केली. मधल्या चार महिन्यांत ॲप कर्नाटकाचं लोकेशन दिसलं की नको म्हणायचं आणि शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्याच्या हद्दीत पाय टाकला की चालू. आता केंद्राचाच कायदा आहे, त्यामुळे शिनोळी काय आणि वडगाव काय, सारखंच.

तर खालचं सगळं फुकट चिप्सच्या टेबलासाठी धरून चाला. एक-दोन रुपये ब्लाइंडची (पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीनं टाकायची रक्कम, छोटी आणि मोठी म्हणजे बिग ब्लाइंड) जी टेबलं असायची तिथं लोक जसे खेळायचे तसेच इथंही खेळतात, उलट थोडे जास्तच सैल. चोर्ला घाट उतरून पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत जाणारे आहेत त्यांनाही हे उपयोगी पडेल, तिथल्या लहान टेबलावर पण गर्दी अशीच असते.

दोघांच्या हातात आणि पाचजणांच्या हातात असा काय मोठा फरक पडतो? पत्ते तर तेच.

पत्ते तेच, किंमत तीच नाही. दोन एक्क्यांचं बग. समोर एकच माणूस आणि त्याच्याकडे कुठलेही दोन पत्ते, तर शेवटपर्यंत गेलं की एक्के साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. समोर दोघं असले की ७३, तिघं ६४, चौघं ५६ आणि पाचजण आले की ४९. म्हणजे पाचजणांविरुद्ध जगातला सगळ्यात भारी हात निम्म्यापेक्षा जास्त वेळा हरतो.

आता इथं लोक एक चूक करतात, म्हणतात मग एक्के गर्दीत वाईट. तसं नाही. सहाजणांनी सारखेच चिप्स टाकले तर तुझा वाटा सहातला एक, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास, आणि परत येताहेत ४९ टक्के. फायदा दोघांच्या हातापेक्षा मोठाच आहे, फक्त तो येताना जास्त वेळा हरून येतो. डोकं त्याच्यासाठी तयार पाहिजे, नाहीतर एक्के फुटले की पुढचे दहा हात रागानं खेळले जातात. आणि खरी अडचण तर फ्लॉपनंतर आहे, कारण सगळे प्रीफ्लॉपच (फ्लॉपच्या आधीच) ऑल-इन म्हणजे सगळे चिप्स टाकून बसलेले नसतात, पुढं तीन फेऱ्या बेटिंग उरलेलं असतं आणि एक्के म्हणजे फ्लॉपनंतर बऱ्याचदा नुसती एक जोडी असते.

गर्दीच होऊ नये म्हणून काय करता येईल?

लिंप, म्हणजे न वाढवता नुसता बिग ब्लाइंड भरून येणं, सोड. निम्मी गर्दी आपणच जमवलेली असते. पहिल्यानं नुसता बिग ब्लाइंड भरला की दुसऱ्याला वाटतं स्वस्त आहे, मग तिसरा, मग बटणवाला (फ्लॉपनंतर शेवटी बोलणारा), आणि बिग ब्लाइंडला तर फुकटच बघायला मिळतं.

दुसऱ्यांनी लिंप केलं असेल आणि तुझा हात चांगला असेल तर रेझ, म्हणजे वाढवणं, मोठं कर. चार बिग ब्लाइंड आणि प्रत्येक लिंपरमागे आणखी एक, असा हिशोब धर. ५/१० चिप्सच्या ब्लाइंडला दोन लिंपर असतील तर ६०. नेहमीचं ३० केलंस तर सगळे येतात. फुकट चिप्सच्या टेबलावर ६० ला पण सगळे येतात, ते मान्य आहे, मग तिथं ८०-१०० कर, कॉल करणारे (तेवढेच चिप्स भरून राहणारे) करतातच आणि तुझा हात भारी असताना पॉट (मधे जमलेले चिप्स) मोठा झालेला काय वाईट आहे.

कुठले हात गर्दीत चालतात, कुठले नाहीत?

एका रंगाचा एक्का (एक्का-पंजी बदामचे दोन्ही, असे), छोट्या-मध्यम जोड्या, एका रंगाचे लागोपाठचे पत्ते जसे अठ्ठी-सत्ती, हे चांगले चालतात, कारण लागले तर मोठे लागतात. जोडी असली तर फ्लॉपला सेट (त्याच जोडीचा तिसरा पत्ता) लागायची शक्यता १२ टक्क्यांच्या जरा खाली, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. नाही लागला तर गुपचूप सोडायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

राजा-गुलाम वेगवेगळ्या रंगाचे, एक्का-दश्शी वेगवेगळ्या रंगाचे, राणी-दश्शी, हे दिसायला झकास आणि गर्दीत एक नंबरचे फसवे. राजा आला फ्लॉपला तर तुझ्याकडे टॉप पेअर (फ्लॉपमधल्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी), पण चौघांतल्या कुणाकडे तरी एक्का-राजा नाहीतर राजा-राणी असायचा संभव वाढलेला असतो, आणि छोटा पॉट तू जिंकतोस, मोठा पॉट तो. सुरुवातीच्या सीटवर हे हात टाकून दे. तीनपत्तीतनं आलेल्या माणसाला चित्राचे पत्ते टाकताना जिवावर येतं, माहीत आहे.

टॉप पेअर लागली, समोर तिघं-चौघं. बेट करू की चेक?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि "हात किती चांगला आहे" एवढंच बघून त्याचं उत्तर मिळत नाही. तुझ्यानंतर अजून किती जण बोलायचे बाकी आहेत ते आधी मोज. मल्टीवेमध्ये मला जे काही सांगायचंय त्यातलं निम्म्यापेक्षा जास्त या एका सवयीत आहे.

एक हात घे. ब्लाइंड ५/१०, सगळ्यांकडे हजार हजार चिप्स. दोन लिंपर, तू बटणवर एक्का-राणी घेऊन ६० केलंस, बिग ब्लाइंड आणि दोन्ही लिंपर आले. पॉट २४५. फ्लॉप राणी-नव्वी-अठ्ठी, त्यातले दोन बदाम. तिघांनीही चेक केलं, म्हणजे बेट न करता पाळी पुढं दिली. इथं तू शेवटी आहेस, मागे कुणी नाही, तिघांनीही जोर दाखवलेला नाही, तर बेट कर, १२०-१४० च्या आसपास. ड्रॉवाले (एखादा पत्ता आला की हात पूर्ण होणारे) भरपूर आहेत या फ्लॉपवर, त्यांच्याकडून पैसे घे, फुकट पुढचा पत्ता देऊ नको.

आता बिग ब्लाइंडनं कॉल केलं आणि पहिल्या लिंपरनं उचलून ४०० केलं. फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून दे. होय, टॉप पेअर आणि वर एक्का असूनही फोल्ड. या माणसानं तीन जणांसमोर बेट करणाऱ्याला, वर एकानं कॉल केलेलं असताना रेझ केलंय. त्याच्याकडे गुलाम-दश्शीची तयार स्ट्रेट (लागोपाठचे पाच पत्ते) असेल, नव्व्यांचा किंवा अठ्ठ्यांचा सेट असेल, नव्वी-अठ्ठी असेल, फार तर मोठा ड्रॉ. हेड्स-अप असतं तर मी इथं थोडा थांबून विचार केला असता, लहान टेबलावर इतक्या माणसांत कुणी हवेत रेझ करत नाही.

तोच हात आता उलटा कर. तू बिग ब्लाइंडमध्ये आहेस, तीच एक्का-राणी, तोच फ्लॉप, आणि तुझ्यामागे तिघं बोलायचे आहेत. आता चेक. हात कमजोर झाला म्हणून नाही. तू बेट केलंस आणि दुसऱ्यानं कॉल, तिसऱ्यानं रेझ केलं की तू मधल्यामध्ये अडकतोस, चेक करून मागनं काय होतंय ते फुकट बघता येतं.

सँडविच, सँडविच म्हणतात ते हेच का?

होय की. एकानं बेट केलंय, तुझी पाळी आहे आणि तुझ्यामागे अजून लोक आहेत. पॉट ऑड्स (पॉटच्या मानानं कॉल किती महाग) काढताना आपण धरतो की कॉल केलं की फेरी संपली, इथं संपत नाही, मागचा रेझ करू शकतो आणि तुझा कॉल पाण्यात. म्हणून अशा जागी कॉलसाठी लागणारा हात एक पायरी वरचा धरायचा.

यातली एक गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. नेहमी बेट करणारा माणूस तुझ्या लगेच उजव्या हाताला बसलेला असेल, म्हणजे तुझ्या आधी बोलत असेल, तर त्याच्या बेटनंतर पहिला तू सापडतोस आणि बाकीचे सगळे तुझ्यामागे. तोच जर तुझ्या लगेच डाव्या हाताला असेल तर तू चेक करायचं, तो बेट करतो, सगळ्यांची उत्तरं येऊन जातात आणि शेवटी तू ठरवतोस. हेड्स-अपला उजवीकडचा बरा वाटतो, गर्दीच्या फ्लॉपवर कधीकधी डावीकडचा जास्त उपयोगी पडतो.

ब्लफ करायचंच नाही का मग?

जवळजवळ नाहीच. आकडे बग. पॉट १००, तू ५० चा ब्लफ मारलास, तर तीन वेळांत एकदा सगळ्यांनी फोल्ड केलं तरी बरोबरी होते, म्हणजे ३३ टक्के. समज प्रत्येकजण ६० टक्के वेळा फोल्ड करतो. समोर एक असला तर ६० टक्के वेळा चाललं, मस्त. दोघं असले तर साठाचे साठ टक्के म्हणजे ३६, कसंबसं. तिघं असले की २१-२२, तोटा. आणि ६० टक्के फोल्ड हे मी पुस्तकी माणसाचं धरलंय, आपल्याकडचा माणूस खालची जोडी घेऊन "दाखव" म्हणतो.

ज्या हातात पुढं सुधारायला जागा आहे, म्हणजे एक्क्यासकटचा फ्लश ड्रॉ (एकाच रंगाचे चार पत्ते, पाचवा आला की फ्लश) वगैरे, तो कधीतरी बेट करायला हरकत नाही, ते पूर्ण ब्लफ नव्हेच.

मी सारखं फोल्ड करत राहिलो तर लोक मला ढकलणार नाहीत का?

दोघांच्या हातात हा प्रश्न खरा आहे. अर्ध्या पॉटच्या बेटला समोरच्यानं दोन-तृतीयांश वेळा तरी टिकून राहावं लागतं नाहीतर ब्लफवाल्याची चांदी. पण समोर दोघं असले की ते काम वाटून जातं, प्रत्येकानं ४२ टक्क्यांच्या आसपास टिकलं तरी पुरतं. लग्नाच्या पंगतीत सगळी वाढपं एकट्यानं करावी लागत नाहीत तसंच, बाकीचे आहेत की. मधली जोडी, छोटा किकर (जोडीबरोबरचा दुसरा पत्ता), टाकून दे बिनधास्त.

फ्लश ड्रॉ आहे, किती पैसे घालवू?

नऊ पत्ते तुझ्या कामाचे. फ्लॉपवरून रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत) दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर ३५ टक्के, फक्त पुढचा एक पत्ता धरला तर १९ टक्के. लोक ३५ चा आकडा पाठ करतात आणि टर्नला (चौथ्या पत्त्याला) पुन्हा बेट येणार हे विसरतात.

पॉट २००, एकानं १०० बेट केलं, दुसऱ्यानं कॉल केलं, आता तू १०० घालून ५०० च्या पॉटसाठी खेळतोस, म्हणजे २० टक्के पाहिजेत आणि तुझ्याकडे १९ आहेत. लागल्यावर पुढं थोडं आणखी मिळणारच, त्यामुळे कॉल ठीक. हेड्स-अपला तोच कॉल २५ टक्के मागतो, तर गर्दीमुळे भाव चांगला झाला. इथपर्यंत सगळ्यांना आवडतं.

पण फ्लश कुणाचा, हे कोण बघणार? तुझ्याकडे सत्ती-छक्की बदाम आणि चौघं पॉटमध्ये, तर दुसऱ्या कुणाकडे तरी एक्का किंवा राजा बदामचा ड्रॉ असू शकतो. लागला नाही तर छोटं नुकसान, लागला तर अख्खा स्टॅक जातो. शिवाय बोर्डवर जोडी पडली की तुझ्या नऊ पत्त्यांतले एक-दोन खोटे निघतात, फ्लश लागतो आणि समोर फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी). म्हणून गर्दीत ड्रॉ मारायचा तो सगळ्यात वरचा. खालच्या टोकाची स्ट्रेट, छोटा फ्लश, यांच्यावर छोटा पॉट खेळ. गटशॉट म्हणजे मधला एकच नंबर लागणारी स्ट्रेट, कामाचे चारच पत्ते, दोन्ही बघितले तरी १६ टक्के, त्यासाठी मोठी बेट कॉल करणाऱ्याला मी काय सांगू.

बिग ब्लाइंडमधून स्वस्तात बघायला मिळतंय तर सगळंच बघू ना?

एकानं ३० केलं, दोघांनी कॉल केलं, तुला २० टाकायचेत आणि पॉटमध्ये १०५ आहेत. २० भागिले १२५, सोळा टक्के. वाटतं काहीही चालेल. पण सोळा टक्के इक्विटी (पॉटमधला तुझा सरासरी वाटा) असणं आणि ती हातात पडणं वेगळं, कारण प्रत्येक फेरीत तू सुरुवातीलाच बोलणार आणि मधेच फोल्ड करावं लागणार. एका रंगाची सत्ती-छक्की, चौकीची जोडी, होय. राजा-सत्ती वेगवेगळ्या रंगाचे, नको. राजा लागला तरी पुढं काय करायचं कळत नाही, तीच तर पंचाईत.

स्क्वीझ कधी करायचं?

स्क्वीझ म्हणजे रेझ आणि कॉल झाल्यावर वरून मोठा रेझ. एकानं रेझ, एक-दोघांचं कॉल, आणि तुझ्याकडे मोठी जोडी किंवा एक्का-राजा असेल तेव्हा. ३० च्या रेझवर दोन कॉलर असतील तर १५० ते १८०, कमी नाही. हवेतला स्क्वीझ लहान टेबलावर करू नको, ते फोल्ड करत नाहीत.

एकजण ऑल-इन आहे आणि आम्ही दोघं बाकी आहोत. पुढं बेट करू का?

ऑल-इनवाल्यानं जेवढे टाकले तेवढ्याचा मेन पॉट, त्यावर जे तुम्ही दोघं टाकाल तो साइड पॉट. साइड पॉट रिकामा असताना ब्लफ मारून दुसऱ्याला घालवलंस तर मिळतं काय? ऑल-इनवाल्याला तरी हरवायचंच आहे. टूर्नामेंटमध्ये तर तिसऱ्याला त्याच्याविरुद्ध राहू देणंच बरं, एक माणूस कमी व्हायची शक्यता वाढते. पण खरंच भारी हात असला तर बेट कर, त्यात काही गैर नाही. "आपण दोघं चेक करत जाऊ" असं चॅटमध्ये लिहायचं मात्र नाही, ती मिलीभगत धरली जाते.

टेलिग्रामवरच्या क्लबमध्ये बोलवूलेत, एजंट पैसे यूपीआयनं घेतो. जाऊ का?

नको. कायद्याचं वर सांगितलंच, पण खेळाच्या अंगानंही नको. मल्टीवे हातात फसवणं सगळ्यात सोपं. दोघं मित्र फोनवर बोलत तुझ्या दोन्ही बाजूंना बसतात, एक बेट करतो, दुसरा रेझ, पुन्हा पहिला रेझ, आणि तू मधे टॉप पेअर घेऊन पैसे भरत राहतोस. मोठ्या साइटवर असले पॅटर्न तपासणारी माणसं असायची, क्लबमध्ये तपासणारा तोच एजंट.

सॉल्व्हर घेऊन शिकलो तर?

सॉल्व्हर (समतोल डाव काढून देणारं सॉफ्टवेअर) दोघांच्या हातासाठी उत्तम, पायोसॉल्व्हरसारखे तर दोघांसाठीच आहेत. तिघं आले की हिशोब भयंकर वाढतो, आणि मुळात तिघांच्या खेळात तू समतोल डाव खेळलास तरी हरणार नाहीस अशी हमी गणितात नाही, दोघांच्या खेळात ती असते. २०१९ मध्ये कार्नेगी मेलनच्या नोम ब्राउन आणि टुमास सँडहोम यांनी फेसबुकबरोबर बनवलेला प्लुरिबस हा पोकर खेळणारा प्रोग्रॅम सहाजणांच्या नो-लिमिट टेबलावर व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध जिंकला, तोही अशी हमी नसतानाच. आणि समोर बसलेले काही सॉल्व्हर बघून आलेले नाहीत, त्यांना आवडलेला पत्ता ते सोडत नाहीत एवढीच त्यांची स्ट्रॅटेजी.

मग घरी बसून मल्टीवे हात तपासायचा कसा?

इक्विलॅबसारखं फुकट इक्विटी कॅल्क्युलेटर घे, त्यात दोनपेक्षा जास्त हात टाकता येतात. आपला हात टाक, बाकीच्यांना त्यांच्या खेळण्यावरून अंदाजे रेंज (त्यांच्याकडे असू शकणारे हात) दे, एक माणूस काढून बघ, एक वाढवून बघ, टक्के कसे घसरतात ते दिसतं. हात लिहून ठेवताना फक्त पत्ते लिहू नको. तुझी पाळी आली तेव्हा मागे किती जण होते, त्यातला कोण कॉल करणारा आणि कोण रेझ करणारा, ते आधी लिही, पत्ते नंतर.